लेटिसचा कागदी हार

प्रिय थर्झा, देव तुला सुखरूप ठेवो.

माझा खोकला उतरलाय, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

इथलं चर्च आपल्या चर्चइतकंच जुनं. भिंती हातभर जाड, पण ओलीनं फुगलेल्या. काल चुना मारायला शिडी लावली, तर पाद्रीबाबा म्हणाले, "एमस, लग्नाआधी वारलेल्या पोरींच्या नावानं टांगलेले ते कागदी हार आधी काढ. नुसती धूळ धरलीय."

मी म्हटलं, "ते आपण होऊन गळायचे असतात, बाबा. हात लावायचा नसतो." आणि हारांच्या कडेकडेनं चुना मारला.

आपल्या चर्चलाही चुना मारणार, असं तू लिहिलंस. मी येईपर्यंत आपल्या पोरीच्या, लेटिसच्या हाराजवळ कुणाला शिडी लावू देऊ नकोस. त्यातला कागदी हातमोजा तू तिच्या हाताच्या मापानं कापला होतास.

तिचा हात केवढा होता, मला आठवेनासं झालंय.

तुझाच,
एमस