चांदीचं दावं

प्रिय प्रगती,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. हात दुखतोय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर मास्तरीणबाईंनी गुण कापू नयेत.

गेल्या रविवारी गोठा झाडता झाडता तू विचारलंस, ‘लीश’ आणि ‘टेदर’ यातला फरक वर्गात कसा सांगू, दोन्ही दोरीच. मी नववी नापास, मला काय विचारतेस? पण तू समजावून सांगितलंस आणि मला हसू आलं. अगं, लीश म्हणजे आपला कासरा, दुसरं टोक माणसाच्या हातात. टेदर म्हणजे दावं, दुसरं टोक खुंट्याला.

तू गेल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. कासरा धरला आणि जनावरानं ओढ दिली की तळहात सोलतो, आपल्याला कळतं. दाव्याचं जनावर कितीही ओढो, खुंट्याला त्याचं काय? तुझे बाबा गेल्यापासून सहा वर्षं तू दर शनिवारी भोरहून एसटीनं पासलीला येतेस. चांदीची वैरण, शेण, वर माझे गुडघे. मी म्हणायचे, लेकीला गाईची माया आहे. तू दमतेस हे मला दिसलंच नाही.

मंगळवारी तुझ्या मैत्रिणीचा, अश्विनीचा फोन आला. बंगळूरला शब्दकोशाच्या कामावर तुला बोलावलं होतं, आणि आईची गाय आहे म्हणून तू नाही म्हणालीस. मी खूप रडले गं. रागही आला. मी थकलेय आता. माझ्यापायी कुणी अडकून बसलेलं बघायचं त्राण उरलं नाही.

काल चांदी विकली. शिवऱ्याचे गेनबा टेम्पो घेऊन आले होते. तुला ठाऊक आहे, जनावर दिलं तरी दावं देत नाहीत, घेणारा आपली दोरी आणतो. त्यांनीही आणली होती. मी दावं पुढं केलं तर ते मागं सरले. “न्हाई वैनी, दावं घरात ऱ्हाऊ द्या. दुसरी गाय येईल.” तेच तर मला नको होतं. बळंच त्यांच्या हातात कोंबलं. खुंटा उपटून चुलीत घातला, तोही ओला निघाला, नुसता धूर.

बंगळूरची जागा सोमवारपर्यंत रिकामी आहे म्हणे. त्यांना हो कळव, एवढ्यासाठीच लिहायला बसले. पत्र उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते, म्हणजे वेळेत मिळेल. माझ्याकडे शेजारची फुलाबाई बघेल. शनिवारी येऊ नकोस. आलीस तर रागावणार नाही, पण चहा कोराच मिळेल.

तुझीच,
आई