घंटा वाजली तरी पियानो थांबू नये म्हणून

प्रति,
मा. नगराध्यक्ष
(पदसिद्ध अध्यक्ष, सर्वसाधारण सभा, लोकसंगीत मंडळ)
नगरपालिका कार्यालय, व्हाल द सोब्रू

अर्जदार : देओलिंदा फारोबू, राहणार पावभट्टीची गल्ली, व्हाल द सोब्रू

विषय : संस्थापक सभासदाचा मृत्यू झाल्यास मंडळाचे सभागृह बंद न करता आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेची अंतिम फेरी ठरल्याप्रमाणे होऊ देण्याबाबत.

संदर्भ : मंडळाच्या नियमावलीतील शोक पाळण्याचा नियम, आणि चिटणीसांनी अर्जदाराच्या घरी येऊन दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. अर्जदाराची धाकटी मुलगी इल्दा जन्मली त्या वर्षी, म्हणजे हुकूमशाही उलथली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, या गावातल्या बुचाच्या झाडांची साल काढणाऱ्या मजुरांनी जमीनदाराच्या रिकाम्या कोठारात लोकसंगीत मंडळ सुरू केले. अर्जदाराचे पती बेर्नार्दिनु फारोबू हे त्या संस्थापकांपैकी एक. त्याच कोठारात संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग भरे. इल्दा टोपलीत झोपलेली असे आणि अर्जदार तिच्या शेजारी बसून अक्षरे गिरवीत असे. तेव्हा या मंडळाबद्दल अर्जदाराच्या मनात काही वाकडे असेल अशी शंका आपण घेऊ नये.

२. शोकाचा नियम कसा आला हे आपण गावात नंतर आल्यामुळे आपणास ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. मंडळाच्या पुष्कळ आधी आदेलिनु नावाचा मजूर साल काढताना झाडावरून पडून मेला. त्याची तिरडी जमीनदाराच्या फाटकावरून नेली तेव्हा आत मुलीच्या साखरपुड्याचा नाच चालू होता आणि पियानो वाजत होता. तिरडी पुढे निघून गेली, पियानो थांबला नाही. मागून चालणाऱ्या सगळ्यांनी तो ऐकला. पुढे मंडळ झाले तेव्हा पहिल्याच सभेत ठरले की आपला माणूस गेला तर आपले वाद्य गप्प बसेल. साध्या सभासदासाठी दफनापर्यंत, आणि संस्थापकासाठी चर्चची घंटा वाजल्यापासून सातव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत सभागृहाला कुलूप आणि वाद्यांवर काळे कापड. बेर्नार्दिनु यांनीही त्या ठरावाला हात वर केला होता. त्या कोठारात तेव्हा एक अकॉर्डियन आणि दोन ढोल होते. एक दिवस इथे परदेशातून पियानो वाजवायला माणसे येतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

३. आता मंडळ दर जुलैत आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवते, हे आपण जाणताच. बक्षीस आपण स्वतः देता. स्पर्धक गावातल्या घरी उतरतात, घरचे खातात आणि घरच्या पियानोवर सराव करतात. अर्जदाराच्या घरी मंडळाचा उभा पियानो जेवणाच्या मेजाला लागून ठेवलेला आहे. यंदा आमच्याकडे आर्मेनियाची शुशान नावाची मुलगी उतरली आहे. ती शेवटच्या तिघांत आली आहे. अंतिम फेरी शनिवारी संध्याकाळी आहे. परीक्षक रविवारी आपापल्या देशी परततात. फेरी थांबली तर पुन्हा होत नाही, निकाल लागत नाही. शुशान पुढच्या वर्षी वयाच्या अटीबाहेर जाते. म्हणजे हा शनिवार गेला की तिचा हा दरवाजा कायमचा मिटला.

४. बेर्नार्दिनु यांच्या फुप्फुसांत पाणी झाले आहे. डॉक्टरांनी अर्जदाराला ओट्यावर बोलावून सांगितले, "मावशी, आता दिवस धरून चालू नका." संस्थापकांपैकी आज जिवंत असे ते एकटेच आहेत. डॉक्टरांचे म्हणणे गावाला कळले तेव्हापासून अर्जदाराच्या घराला घरपण उरलेले नाही. पाव आणायला बाहेर पडावे तर माणसे वाट अडवून विचारतात,

"काका कसे आहेत?"

"आहेत."

"म्हणजे, शनिवार काढतील ना?"

विचारणारे वाईट नाहीत. त्यांच्या घरी पाहुणे आहेत, कोणी खुर्च्या भाड्याने आणल्या आहेत, कोणी मासे मीठ लावून ठेवले आहेत. पण ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला त्याच्या श्वासांकडे सगळे गाव घड्याळासारखे बघते आहे, हे पाहवत नाही.

५. समोरची झुल्मिरा रोज कोंबडीचा रस्सा घेऊन येते आणि आपल्या हाताने भरवते. "एवढं घ्या हो काका, रविवारपर्यंतचं बळ येईल." बेर्नार्दिनु यांनी चमचा दूर सारून म्हटले, "झुल्मिरा, जन्मभर तू मला चिमूटभर मीठ दिलं नाहीस, आणि आता रोज कोंबडी कापतेस. आधी कळलं असतं तर मी दरवर्षी मरायला टेकलो असतो." झुल्मिरा हसली, पण दाराबाहेर जाऊन रडली. या रश्श्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

६. मंगळवारी मंडळाचे चिटणीस श्री. विर्जिलियु हे अर्जदाराकडे आले व त्यांनी टोपी हातात धरून असे सुचवले की, काकांना जिल्ह्याच्या इस्पितळात हलवावे, रुग्णवाहिका मंडळ देईल. चर्चची घंटा गावात मेलेल्यासाठीच वाजते. काकांचे काही बरेवाईट तिकडे झाले तर ते गावात येईपर्यंत अंतिम फेरी उरकलेली असेल आणि नियमही मोडलेला नसेल. "माणुसकीच्या दृष्टीनंही तेच बरं, मावशी. तिथे हवा थंड असते," असे ते म्हणाले. बेर्नार्दिनु आतून ऐकत होते. ते म्हणाले, "विर्जिलियु, माणसाला गावाबाहेर हाकलायचं काम जुन्या सरकारचं होतं. ते सरकार तर गेलं. तू कुठून उगवलास?"

चिटणीस खाली मान घालून उभे राहिले. त्यांची मान खाली गेलेली अर्जदाराने यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

७. त्यावर बेर्नार्दिनु यांनी सांगितले की, नियमाला मी हात वर केला होता, तो आता खाली घेतो. माझ्यासाठी कुलूप नको. तसे निवेदन त्यांनी सहीनिशी दिले असून ते सोबत जोडले आहे. चिटणीसांनी ते वाचले व परत केले. ते म्हणाले, "काका, स्वतःचा शोक स्वतःला माफ करता येत नाही. मेलेल्याचा मान त्याच्या मालकीचा नसतो, मागे राहिलेल्यांचा असतो."

महोदय, श्री. विर्जिलियु हे त्या आदेलिनुचे चिरंजीव आहेत. वडिलांच्या तिरडीमागे ते आईच्या झग्याला धरून चालत होते. जाताना उंबऱ्यात थांबून ते अर्जदाराला म्हणाले, "तो पियानो माझ्या कानातून अजून गेला नाही, मावशी. तुम्ही मला तोच परत वाजवायला सांगताय." तेव्हा त्यांच्याविरुद्ध ही तक्रार समजू नये. रुग्णवाहिकेबद्दल त्यांना क्षमा केलेली आहे.

८. परंतु चिटणीसांचे म्हणणे अर्जदाराने नंतर स्वयंपाक करताना पुष्कळ वेळ मनात घोळवले, आणि ते तिला पटले. मान मागे राहिलेल्यांचा असतो. मग मागे सर्वांत आधी कोण राहते? सभा, चिटणीस, गाव हे सगळे नंतर. आधी बायको राहते. तो मान जर अर्जदाराचा असेल तर तो कसा द्यावा हे सांगण्याचा हक्कही तिचाच असला पाहिजे. या अर्जाचा आधार एवढाच आहे.

९. या मागणीमुळे गावात काय बोलले जाईल याची अर्जदारास कल्पना आहे. ते आजच बोलले जात आहे. रस्सा भरवणाऱ्या झुल्मिरानेच पावाच्या रांगेत म्हटले, "नवरा अजून गार पडला नाही, आणि हिला बाजा हवाय." तीच बाई अंतिम फेरीसाठी नवा झगा शिवून बसली आहे. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात, त्याला कोण काय करणार? अर्जदाराच्याही मनात दोन आहेत. कधी वाटते, दारे लावून घ्यावीत आणि पृथ्वीवर कोणी एक सूरही काढू नये. पुढच्या क्षणी शुशानची बोटे डोळ्यांपुढे येतात.

१०. शुशानने बुधवारी सराव थांबवला. पियानोचे झाकण लावून ती मेजापाशी नुसती बसून राहिली. अर्जदाराने खुणेने विचारले तेव्हा तिने मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत सांगितले, "आजोबा आजारी. मी गप्प." तिच्या घरीही आजारी माणसाच्या खोलीशेजारी गात नाहीत, असे दिसते. तेवढ्यात आतून भिंतीवर काठीचे ठोके पडले. बेर्नार्दिनु ओरडले, ओरडणे कसले, श्वास मोजून बोलले, "ए पोरी! माझे कान माझ्या आधी गेलेत. जोरात वाजव, नाहीतर तुझ्या जेवणाचे पैसे घेईन!" तिला सगळे कळले नसावे, पण ती हसली आणि तिने झाकण उघडले. तेव्हापासून ती खिडकी उघडी ठेवून वाजवते. गल्लीतले लोक चालता चालता थांबतात आणि एकमेकांना सांगतात, "वाजतंय. म्हणजे म्हातारा आहे."

११. आपणास शंका येईल की एकदा नियम शिथिल केला तर पायंडा पडेल आणि पुढे प्रत्येक जण सवलत मागेल. तसे होणार नाही. बेर्नार्दिनु हे शेवटचे संस्थापक आहेत. सात दिवसांचा हा नियम लागू पडेल असा माणूस त्यांच्यानंतर गावात शिल्लक राहत नाही. ज्या नियमाखाली आता एकच माणूस उरला आहे, तो नियम त्या माणसाच्या म्हणण्याविरुद्ध पाळावा का, याचा आपण विचार करावा.

१२. आदेलिनुच्या वेळी पियानो वाजत राहिला यात पियानोचा दोष नव्हता. बाहेरून कोण नेले जात आहे हे पाहायला आतून कोणी उठले नाही, हा दोष होता. तेव्हा कृपा करून असा आदेश द्यावा की, शनिवारी फेरीपूर्वी सभागृहात बेर्नार्दिनु फारोबू यांचे नाव मोठ्याने उच्चारावे, परीक्षकांसह सर्वांनी उभे राहावे, आदेलिनुचेही नाव त्याच वेळी घ्यावे, आणि मग वाजवावे. पियानोच्या एका टोकाला काळे कापड ठेवल्यास अर्जदाराची हरकत नाही, मात्र पट्ट्या मोकळ्या असाव्यात. नावे श्री. विर्जिलियु यांनीच घ्यावीत, अशी अर्जदाराची इच्छा आहे, सक्ती नाही.

विनंती मान्य करता येत नसेल तर तसे शुशानला आपण स्वतः सांगावे. अर्जदाराला ते जमणार नाही. तिची भाषा येत नाही, आणि आली असती तरी जमले नसते.

इथपर्यंतचा मजकूर गुरुवारी लिहून झाला होता. शुक्रवारी सकाळी तो आपल्याकडे नेऊन देण्याचे ठरले होते. आज शुक्रवार आहे, आणि खालील मजकूर जोडणे भाग पडले आहे.

१३. आमच्या गावच्या रीतीप्रमाणे घरच्या बाईने निरोप धाडल्याखेरीज चर्चची घंटा वाजत नाही. तो निरोप अर्जदाराने अजून धाडलेला नाही. डॉक्टर येऊन गेले आहेत. ते गप्प राहण्यास कबूल झाले, पण दुपारपर्यंतच. तोपर्यंत कोणी दारात येऊन सरळ विचारले तर अर्जदार खोटे बोलणार नाही. पण अजून कोणी विचारलेले नाही, कारण पियानो वाजतो आहे. शुशानला सगळे माहीत आहे. तिनेच त्यांची हनुवटी रुमालाने बांधायला मदत केली. मग ती पियानोचे झाकण लावायला गेली. अर्जदाराने तिचा हात धरला आणि सांगितले, "वाजव, बाळा." ती वाजवते आहे. तिचे डोळे पुसायला तिला हात मोकळा नाही, म्हणून ते अर्जदार पुसते आणि परत येऊन लिहिते. शेजारच्या खोलीत त्यांना शर्ट घालायचा राहिला आहे. इल्दाला कळवायचे राहिले आहे. या घरात आजवर असे कोणी वागले नाही, आणि हे बरोबर की चूक हे अर्जदारास ठाऊक नाही.

दुपारी घंटा वाजेल. बायकोने जे करायचे ते अर्जदार करील, त्यात कसूर होणार नाही. त्याआधी आपला आदेश सभागृहाच्या दाराशी पोचावा एवढीच याचना आहे, कारण घंटा वाजल्यावर श्री. विर्जिलियु कुलूप घेऊन निघतील, आणि त्यांना अडवण्याचे बळ अर्जदारात नाही, मनही नाही.

आपल्या उत्तरासाठी उंबऱ्यात उभी असलेली,
देओलिंदा फारोबू

व्हाल द सोब्रू, शुक्रवार, ११ जुलै २०१४

सोबत : बेर्नार्दिनु फारोबू यांचे निवेदन. सही वाकडी आहे, पण त्यांचीच आहे.

नोंदीसाठी : बेर्नार्दिनु फारोबू, वय त्र्याऐंशी, मंडळाचे संस्थापक सभासद, हे आज शुक्रवार, ११ जुलै रोजी सकाळी राहत्या घरी वारले.