उन्हाळ्यातला रस्ता

८ एप्रिल

शी! वीट आला आज.

सकाळी एक जोडपं आलं. दारावर पाटी आहे, माझ्या नावाची, रेराच्या नंबरासकट. भिंतीवर सर्टिफिकेट टांगलंय. टेबलामागे मी बसलेय. तरी ती बाई आत डोकावून विचारते, "साहेब नाहीत का?" म्हटलं, जमिनीचं काम मीच बघते. तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. तेवढ्यात सॅम आतून चहा घेऊन आला आणि दोघांच्या जिवात जीव आला! पुढे सगळा वेळ प्रश्न सॅमला आणि उत्तरं माझी. माझ्या नवऱ्याला सातबारा उलटा धरला तरी कळायचा नाही. कंपनीतली नोकरी गेल्यापासून तो गाडी चालवतो, गिऱ्हाइकाला प्लॉटवर नेतो-आणतो, बस. पण मान काय डोलावतो! जाताना दोघं त्याला नमस्कार करून गेली. मला नाही.

याच्यासाठी मी पोरांच्या बरोबरीनं पाठांतर केलं, पुण्याला जाऊन रेराची परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाले. श्रीरामपुरात चौकाचौकात एजंट. त्यातल्या किती जणांनी ही परीक्षा दिलीय? देणार कशाला? त्यांचं काही अडतंय का!

९ एप्रिल

मावसजावेचा फोन. "दलालीच करतेस ना अजून?" — अजून!

१३ एप्रिल

बेलापूर रोडच्या चहाच्या हॉटेलात आमच्या धंद्यातले तज्ज्ञ बसतात. पांढरे कपडे, पांढरे बूट, एका हातात दोन मोबाईल. बघूनच मळमळतं. एका प्लॉटच्या मागे पाच-सहा जण. याचा त्याला फोन, त्याचा तिसऱ्याला, आणि प्रत्येक जण गिऱ्हाइकाच्या कानात एकच मंत्र सांगणार — मालकाशी बोलायचं नाही, शेजाऱ्याशी तर मुळीच नाही. का? तर बोललं की पोटातलं ओठावर येतं.

या सगळ्यांचा गुरू गोरक्षनाथ. लोक त्याला गोरखशेठ म्हणतात. कसला शेठ! पण येताना माझ्याकडे कागद घेऊन येतो. "ताई, जरा नजर टाका की. तुमच्यावानी वाचनारं कोन हाय हितं?" मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, वाटायचंच. मी बोट ठेवून दाखवायचे — हे बघा, बहिणींची नावं राहिलीत. हे बघा, इथं कर्जाचा बोजा आहे. तो हुं हुं करत ऐकायचा. वाटलं, शिकतोय.

शिकत होताच. आज कळलं काय शिकत होता ते. मी ज्या जमिनीत बहिणींची नावं दाखवली होती, ती त्यानं विकली. गिऱ्हाइकाला सांगितलं, बहिणी फार लांब दिल्यात, त्यांचा काही संबंध नाही. मी दोष दाखवते आणि हा दोष झाकायची तयारी करतो. म्हणजे मी त्याची शिकवणी घेत होते. फुकट.

इथून पुढे त्याचा एक कागद वाचणार नाही.

२० एप्रिल

उपासना संपल्यावर शांतवन सर थांबले होते माझ्यासाठी. चौथीला ते मला शिकवायला होते. गणित चुकलं की पाटी पुसून हातात परत द्यायचे, मारायचे नाहीत. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. सगळा जन्म शाळेच्या खोलीत आणि भाड्याच्या घरात गेला. आता स्वतःचं घर बांधायचंय. त्यांच्या बायकोला, राहेलबाईंना, म्हणे दुसरं काही नको, आपल्या दारात आपला नळ आणि एक लिंबाचं झाड हवंय. आजवर पाणी कायम दुसऱ्याच्या वेळेवर भरलं.

गोरखनं त्यांना प्लॉट दाखवलाय, बेलापूरच्या अलीकडे.

सर म्हणाले, "मरिया, तू एकदा बघ. तू हो म्हणालीस तरच मी विसार देणार. जे काय साठवलंय ते सगळं यात जाणार आहे. परत जमायचं नाही."

एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता माझ्यावर. घरी येईपर्यंत मी हवेत होते.

२३ एप्रिल

प्लॉट बघून आले. सर, राहेलबाई, मी आणि सॅम. पुढे गोरखची गाडी, त्यात त्याचे बूटवाले.

जमीन चांगली. सातबारा स्वच्छ. मालक एकटा. मी कागद दोनदा वाचले, काही सापडलं नाही. आणि गाडीतून उतरताना लक्षात आलं — आपण आलो कुठून? डांबरी सोडली ती सरळ एका मोकळ्या रानात घातली गाडी. कांदा निघालेला, ढेकळं तुडवून सपाट झालेली, दोन चाकोऱ्या पडलेल्या. रान राधाकृष्ण नावाच्या शेतकऱ्याचं.

मी विचारलं, "रस्ता कुठाय?"

गोरख हसला. "आता हे काय ताई! गाडी आली का न्हाई आपली हितपातुर? का इमानातनं उतरलो?"

"ही राधाकृष्णांची जमीन आहे."

"आवो, आपलीच मानसं हायती. समदे ह्याच वाटंनं जात्यात. तुमी लई कायदा शिकल्यात, तेच्यानं असं हुतं."

पांढऱ्या बुटातले सगळे हसले. मी शेजारच्या रानात एक माणूस दिसला त्याच्याकडे निघाले, तर एक बूटवाला आडवा आला. "उन्हात कुठं चालल्या, ताई?" केवढी ती काळजी!

घरी येऊन गटाचा नकाशा काढला. रस्ता नाही. चारी बाजूंनी दुसऱ्यांची रानं. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळीकडे रस्ता असतो. पिकं निघाली की कुठूनही गाडी घाला. म्हणून तर हे लोक सगळे प्लॉट एप्रिल-मे मध्ये दाखवतात! जून उजाडला, नांगर फिरला की रस्ता गडप. मग माणूस आपल्याच प्लॉटकडे डांबरीवरून बघत उभा. तहसीलला चकरा, आणि शेजाऱ्याशी जन्माचं वैर.

सरांना संध्याकाळी सांगितलं, घेऊ नका. आधी राधाकृष्णांकडून रस्ता लिहून नोंदवून येऊ दे, मगच विसार.

सर हो म्हणाले. राहेलबाई उठून आत गेल्या. लिंबू कुठे लावायचं ते त्यांचं ठरलं होतं बहुतेक.

२९ एप्रिल

गोरखनं चर्चच्या लोकांत पसरवलंय — मरियाताईला तिचा हिस्सा मिळणार नव्हता, म्हणून तिनं मोडता घातला. आणि लोकांना पटलंय! एकानं मला तोंडावर विचारलं, "तुमचं काय बिनसलं त्यांच्याशी?" म्हणजे दोन एजंटांची हिश्श्यावरून जुंपली. मी आणि तो, एकाच माळेचे मणी.

अंघोळ केली तरी अंगावर काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय.

४ मे

सॅमशी भांडण.

"तू फार नाही म्हणतेस. लोक आपल्याकडे हो ऐकायला येतात."

म्हटलं, खोटं हो?

"खोटं कशाला? रस्ते निघतात, मरिया. अर्ध्या श्रीरामपूरला आधी रस्ता नव्हता. गोरख रोज गाडीभर लोक नेतो, तू रोज दोघांना परत पाठवतेस. हुशार कोण?"

नावाला एजन्सी माझी, आणि घरातच शिकवणारे निघाले!

१० मे

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन. नगरला निघाले. बोर्डावर नाव बदललं तरी आमच्या तोंडात नगरच.

१७ मे

धाकटी बरी आहे. तिच्या वॉर्डात एक बाई, तिनं विचारलं काय करता. मी म्हणाले, शिक्षिका आहे.

का म्हणाले असेन?

२५ मे

घरी आले. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. सॅम म्हणाला, सरांनी दिलेत. खरेदीखत झालं त्यांचं.

कुठलं?

तेच! तोच प्लॉट. विसारही दिला, खरेदीही झाली, मी नगरला असताना. "तू हो म्हणालीस तरच" म्हणणारे सर! माझी पाठ वळायची वाट बघत होते. सॅमला म्हटलं, हे पेढे गल्लीत वाट, मला घरात नकोत. तो बॉक्स उचलून निघालाच.

गोरखचं मला काही नाही. तो तसाच आहे. पण ज्यांच्या पाटीवर मी बेरीज शिकले, त्यांनाही शेवटी पांढरे बूटच खरे वाटले. माझं सर्टिफिकेट भिंतीवरून काढून कपाटात टाकलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय, तो बरा दिसतो.

१ जून

चर्चमध्ये सर लांबून हसले. हात वर केला. मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि मागच्या दारानं निघाले. राहेलबाई हाक मारत होत्या. कशाला? अभिनंदन हवं होतं का माझं?

१५ जून

पुन्हा तेच. सर माझ्या बाकापर्यंत आले. मी डोळे मिटून प्रार्थनेत असल्यासारखी बसले. ते थांबले थोडे आणि गेले. इतकं हलकं मी कधी वागले नव्हते, पण वागले, आणि बरं वाटलं.

२१ जून

सरांचा फोन. उचलला नाही. परत आला. उचलला.

"मरिया, राधाकृष्णांनी सऱ्या पाडल्यात. आडसाली ऊस लावतायत. माझा विटांचा ट्रॅक्टर परत गेला."

आवाज अगदी साधा. ट्रॅक्टर परत गेला. मला राग यायला हवा होता — सांगितलं होतं ना? आला नाही.

२२ जून

प्लॉटवर गेले, गाडी घेऊन, एकटीच. चाकोऱ्यांच्या जागी सऱ्या. राधाकृष्ण बांधावर उभे होते. माणूस वाईट नाही.

"बाई, मला कोनी इचारलं का? मळा मोकळा हुता, लोकं गेली, म्या काय बोललो न्हाई. आता मी माझ्या रानात ऊसबी लावायचा न्हाई का? गुरुजी चांगला मानूस, लई वाईट वाटलं मला. पन रस्ता दिऊन माझं रान मधून चिरायचं, ते कसं?"

ऊस उभा राहिला की पुढचं दीड वर्ष तिथं गाडी सोडा, माणूससुद्धा शिरणार नाही.

तशीच हॉटेलात गेले. सगळे तज्ज्ञ बसलेले. गोरखला तोंडावर म्हटलं, म्हाताऱ्या मास्तरला फसवताना लाज नाही वाटली?

तो हातातला कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. हसलाही नाही, मेला. "मी फशिवलं? ताई, सर हितं बसल्ते. म्हनले, मरियाचा निरोप आल्याबगर मी पैशाला हात लावनार न्हाई. चार दिस मी त्यांच्या पाया पडत हुतो. मंग तुमचा निरोप आला — रस्ता बघितलाय, घ्या. तवा दिला इसार."

"मी असा निरोप पाठवला नाही!"

"मंग घरात इचारा, कोनी पाठवला त्यो."

सगळ्या हॉटेलनं ऐकलं.

२३ जून

विचारलं.

सॅम आधी म्हणाला, गोरख खोटारडा आहे. मग म्हणाला, सर रोज यायचे, दवाखान्यात फोन कसा करू म्हणायचे, तुझी वाट बघायचे. मग पलंगाच्या कडेवर बसला. "तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस." गोरखनं त्याला हिस्सा दिलाय. गाडीचे नवे टायर त्यातलेच. त्याच टायरवर काल मी प्लॉट बघायला गेले.

ओकारी आली. खरोखरची. मोरीत जाऊन बसले.

तो दाराबाहेरून बोलत होता. "लोक साहेब म्हणतात, मान हलवतो, आणि मला काही येत नाही, हे मला कळत नाही का? एकदा माझ्या शब्दावर कुणीतरी काहीतरी घेतलं, मरिया."

तुझ्या शब्दावर कुठे रे! माझ्या.

आणि सर? ते चर्चमध्ये हात वर करत होते ते माझे आभार मानायला. माझ्या बाकापर्यंत आले ते त्यासाठीच. आणि मी डोळे मिटून बसले. गोरखची किळस येते, सॅमची येते, पण त्या बाकावर बसलेल्या बाईची जास्त येते.

उद्या जाऊन सरांना खरं काय ते सांगणार. सॅमला म्हटलं, तूही चल. तुझ्यासमोरच सांगणार.

२४ जून

गेलो. सॅम उंबऱ्याच्या आत आलाच नाही. सरांनी माझे दोन्ही हात धरले. "राहेल घाबरलीय गं. मी तिला सांगतोय, निरोप मरियाचा होता. रस्ता पाहिल्याशिवाय ती असं सांगायची नाही. होता ना तुझा?"

राहेलबाई माझ्याकडे बघत होत्या. सॅम खाली बघत होता.

मी म्हणाले, "हो सर. माझाच."

"मग मला घोर नाही," सर म्हणाले.