आबांच्या रिळांवरच्या गाठी

प्रिय ढब्ब्या,

सगळ्यात आधी आली ती जाड चष्म्याची मुलगी. जिना चढून धापा टाकत उभी, मला वाटलं कुणाचा तरी कोट न्यायला आलीय. मागून डोळ्यांची डॉक्टरीण आली, हातात ही एवढी फाइल; मुलगी तिचीच मदतनीस निघाली. दोन माणसं एकदम घरात, बसवू कुठे? दुसऱ्या खुर्चीवर रफूचे कपडे साठलेले, तिच्यावर बसायला कुणी येतच नाही ना. सगळे पलंगावर लोटले. त्या गडबडीत चहात साखर दोनदा पडली. प्यायल्या बिचाऱ्या मुकाट.

त्या का आल्या ते सांगते, थांब. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाला शाळेतल्या तपासणीत लाल-हिरव्यातला फरक कळेना. हे घरात आलं कुठून ते शोधत त्या माझ्यापर्यंत पोचल्या, कारण सगळ्यांत जुनी आता मीच उरलेय. चौथी शिकलेल्या बाईला कुणी एवढं विचारतं का? तीन तास विचारत होत्या. माझे वडील, आबा, दोरा कसा निवडायचे, त्यांच्या हातात कोण द्यायचं. मी बोलतच सुटले. शिवणयंत्राशी बोलून बोलून माझा आवाजच मला परका झाला होता.

डॉक्टरणीने एक गोष्ट सांगितली. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी एक विद्वान होता, त्याला स्वतःलाच लाल रंग मातकट दिसायचा, भावालाही तसाच. त्याने ते नीट लिहून काढलं. त्याला वाटायचं, आपल्या डोळ्यांत निळं पाणी असणार. मी मेलो की डोळे कापून बघा म्हणाला. बघितलं, तर पाणी स्वच्छ. पण लोकांनी ते डोळे जपून ठेवले, आणि दीडशे वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी त्यांतूनच शोधून काढलं की खोट पाण्यात नव्हतीच, जन्मासोबत आली होती. बापाकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या मुलांकडे. लेकीला पत्ताही लागत नाही, तिला सगळे रंग दिसतात. ती नुसती पोचवते.

मग मी उठले आणि आबांचा डबा काढला. आठवतो ना, दोऱ्यांच्या टोकांना गाठी असलेल्या रिळांचा? लाल एक गाठ, हिरवा दोन, तपकिरी तीन. आमची आई मारून द्यायची. मला वाटायचं, रफूच्या धंद्याची रीतच असेल, म्हणून मीही जन्मभर तशाच मारत आले. डॉक्टरणीने एकेका गाठीवरून बोट फिरवलं. आबा बोटांनी रंग बघायचे रे. आई मरेपर्यंत कुणाला बोलली नाही, नाहीतर त्यांच्या हातात कोट कोण देणार होतं?

आणि तू कॉलेज सोडून माझ्याकडे काम शिकायला बसलास, तेव्हा मी हौसेने नवी रिळं आणली. तरण्या पोराला कशाला आमच्या जुन्या खोडी, म्हणून त्यांना गाठी मारल्याच नाहीत.

त्या वकिलाचा तपकिरी कोट. हिरव्या दोऱ्याने तू इतकं बारीक रफू केलं होतंस की टाका हाताला लागत नव्हता. आणि मी त्याच्यादेखत तुझ्या हातातली सुई काढून घेतली, म्हणाले, तुझं लक्षच नाही, तुझ्या हातून काही व्हायचं नाही. तू पिशवी उचलून गेलास, त्याला चार वर्षं झाली. तुझं लक्ष होतं, ढब्ब्या. आबांकडून मी घेतलं, तुझ्या आईला दिलं, तिने तुला, आणि बोल मात्र एकट्या तुला लागला. एवढंच लिहायला बसले होते, बाकीचं आपोआप आलं. नव्या रिळांना कालच गाठी मारल्यात. खुर्चीवर परत कपडे ठेवलेले नाहीत. तू असलास तर तुझेही डोळे तपासू म्हणाली डॉक्टरीण. त्या पुन्हा येणार आहेत पुढच्या गुरुवारी, दुपारी तीनला.

तुझीच, चुकलेली
आजी