मामाच्या गावचे नट

आई,

सकाळपासून लिहायला बसतोय आणि उठतोय. एकदा गॅस बंद आहे का ते पाहून आलो. एकदा खिडकीबाहेर बांबूवर टाकलेले कपडे वाळले का ते पाहिलं, आणि ते मीच नुकतेच टाकले होते. आतल्या खोलीत तुझी नात एकच इंग्रजी वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत बसलीये. कधी रागाने, कधी हळू, कधी म्हातारीच्या आवाजात. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर वर्षभराने ती झाली, आणि ती चालायला लागली तेव्हा आम्ही इथे सिंगापूरला आलो. आता ती अठरा वर्षांची आहे. तिला नटी व्हायचंय. टोरांटोच्या एका नाट्यशाळेत तिला प्रवेश मिळालाय आणि ती ऑगस्टमध्ये जाणार. म्हणजे मामाच्या गावाला.

हे दोन शब्द मी आपल्या घराबाहेर कोणाला समजावून सांगू शकलो नसतो. तुझा धाकटा भाऊ टोरांटोला गेला तेव्हा मी शाळेत होतो. तो दिवसा कुठल्याशा कचेरीत काम करायचा आणि संध्याकाळी एका थिएटरच्या दारात तिकिटं तपासायचा. तू टेलिफोन खात्यात, ट्रंक बोर्डावर ऑपरेटर. त्यामुळे आपल्याकडे फोन होता, आणि मुंबईच्या परदेशी बोर्डावर तुझी एक मैत्रीण होती. ती कधीमधी सकाळी मामाची लाइन लावून द्यायची. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर. तू ओल्या हाताने रिसीव्हर धरायचीस आणि आम्हाला हाताने गप्प करायचीस. ट्रंक कॉल तो, कधी तुटेल सांगता यायचं नाही. आणि त्यात मामा काय सांगायचा, तर आज एका पोराने शिपायाचं काम केलं, दोनच वाक्यं होती, पण ताई, त्याचं नाव लिहून ठेव. बाबा भडकायचे. "अगं, त्याला विचार जेवतो का नीट! हा कोणाची नाटकं सांगतोय?" तू म्हणायचीस, "जेवत असल्याशिवाय नाटकं सुचतात का?"

मामाचे अंदाज बरेच खरे ठरले. त्याच्या थिएटरमध्ये शिपाई आणि नोकर झालेली ती पोरं पुढे सिनेमात आली. तो सांगायचा की इथे काम पुरत नाही, रेडिओवर आवाज देतात, हिवाळ्यात गाडीत सामान भरून गावोगाव नाटकं करतात, उन्हाळ्यात जुन्या इंग्रजी नाटकांच्या उत्सवात भाला धरून उभे राहतात. मग एक दिवस खाली अमेरिकेत उतरतात आणि तिथे कोणाला पत्ता लागत नाही की हे बाहेरचे. आपल्या टीव्हीवर इंग्रजी सिनेमे लागायला लागले तेव्हा हे मला तुझ्यामुळे दिसायला लागलं. पडद्यावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला तो जाड भुवयांचा, खेड्यातला फौजदार, सगळ्यांना हसवून हसवून म्हातारपणी एकदम गंभीर झालेला तो टकलू. तू कणीक मळता मळता बाहेर डोकावायचीस, एखादं वाक्य ऐकायचीस आणि म्हणायचीस, "हा मामाच्या गावचा." मग परत आत.

तू ते कसं ओळखायचीस, हे मी कॉलेजात असताना एकदाच विचारलं. तू पोळी उलटत होतीस. म्हणालीस, "सॉरीवरून. अमेरिकन माणूस सारी म्हणतो. आपण सॉरी म्हणतो. आणि ती तिकडची बाई सोरी म्हणते. ओठ असे गोल करून, गरम घासावर फुंकर घातल्यासारखे." कोणती बाई, मी विचारलं. "टोरांटोची ऑपरेटर," तू म्हणालीस. "सोरी, देअर इज नो आन्सर." आणि ते तू इतकं हुबेहूब म्हटलंस की मला हसू आलं. तू हसली नाहीस. मामाने फोन उचलणं कमी केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आधी महिन्याने, मग सणाला, मग कधीच नाही. भांडण नाही, काही नाही. तो तिथेच होता, ठीक होता असं ओळखीच्या लोकांकडून कळायचं. फक्त उत्तर देईनासा झाला. तू मात्र मैत्रिणीला लाइन लावायला सांगत राहिलीस, आणि ती बाई दरवेळी तेच सांगत राहिली.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी एकदा फार उशिरा घरी आलो होतो. तू ताट झाकून बसली होतीस. मी चपला काढता काढता सॉरी म्हणालो आणि तू जी चिडलीस, तसं मी तुला परत कधी पाहिलं नाही. "तो शब्द मला नको. माझे कान भरलेत त्याने. उशीर झाला तर हात धू, जेवायला बस, कुठे होतास ते सांग. सॉरी म्हणून मोकळा होऊ नकोस." त्यानंतर आपल्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. आणि इथे तुझी नात दिवसातून पन्नास वेळा म्हणते, वर इथल्या लोकांसारखं शेवटी लाह लावून. दार आपटलं, सोफ्यावर पाय ठेवले, माझा चार्जर नेला, "सॉरी, बाबा, सॉरी लाह." मी प्रत्येक वेळी थोडा दचकतो, एवढंच.

मी सीए झालो तेव्हा तू मला घड्याळ वगैरे दिलं नाहीस. ड्यूटी बदलून घेतलीस आणि मला कँपात इंग्रजी सिनेमाला घेऊन गेलीस, आपण दोघंच. इंग्रजी इतकं भराभर होतं की गोष्ट आपल्याला अर्धीच कळली. त्यात एक डॉक्टर होता, राखाडी केसांचा. ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक बाई थांबलेली असते आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो. बराच वेळ हातातली टोपी चुरगाळतो. मग म्हणतो, सोरी. तू अंधारात माझं मनगट धरलंस आणि चांगलं मोठ्याने म्हणालीस, "मामाच्या गावचा!" मागून एकजण म्हणाला, "मावशी, गावाला मागाहून जा, आधी पिक्चर बघू द्या." सगळी रांग हसली. तूही पदर तोंडाला लावून हसलीस, पण मनगट सोडलं नाहीस. परतताना रिक्षात म्हणालीस, "सगळ्यांत हा खरा. बाकीचे तो शब्द बोलतात. याला तो सांगताना त्रास झाला." पुढे शेवटपर्यंत तुझा आवडता नट तोच. दवाखान्यातल्या टीव्हीवर तो एकदा दिसला तेव्हा तू नर्सलाही सांगितलंस, हा आमच्याकडचा आहे.

तर आता तुझ्या नातीला तिथेच जायचंय. पत्र आलं त्या दिवशी ती उड्या मारत होती, आणि मी अभिनंदन म्हणून कपडे बदलायला आत गेलो. त्यानंतर कित्येक आठवडे मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ऑफिसातून येताना आमच्या सेरंगूनच्या आधीच्या वुडली स्टेशनला उतरायचो आणि उरलेलं अंतर चालत यायचो, म्हणजे घरी तेवढंच उशिरा. शर्ट घामाने भिजायचा. घरात आलो की दोघी गप्प व्हायच्या. बायको शेवटी म्हणाली, "तू असा मूग गिळून का बसलायस? नाही म्हणायचं तर नाही म्हण. ती रडेल आणि उठेल. हे काय चालवलंयस?" पोरगी म्हणाली, "सोड आई, ही ऑल्वेज लाइक दॅट." त्यावर बायको तिलाच ओरडली, "ही नाही, हा! बाप आहे तुझा. मराठीत तरी धड बोल." आणि आम्ही तिघंही हसलो. पण प्रश्न होता तिथेच राहिला, आणि शाळेला कळवायचा शेवटचा आठवडा आला.

मला नाटकाची भीती नव्हती, हे तुला सांगतो. पोटाला मिळेल की नाही, तीही नव्हती, ते ती बघेल. मला त्या गावाची भीती होती. माणूस तिथे जातो, ठीक असतो, आणि फोन वाजत राहतो.

मागच्या रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली होती. आम्ही दोघं आमच्या इमारतीच्या, ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, पराठा खायला गेलो. ती मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत होती. मला ते सहन होईना, म्हणून मी तिला तुझं सांगितलं. ट्रंक बोर्ड, मामा, सोरी, सगळं. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिने रश्श्यात बुडवलेला तुकडा हातातच धरून ऐकलं. मग फोन काढला. "जाड भुवया? कोणत्या पिक्चरमध्ये?" मी सांगत गेलो आणि ती शोधत गेली. "कॅनेडियन. आजी करेक्ट. टकलू अंकल, कॅनेडियन. वा, आजी!" शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा कॉफी पिता पिता आमच्याकडे बघायला लागले. मग मी त्या डॉक्टरचं सांगितलं. तिने शोधलं, परत शोधलं, भुवया उंचावल्या. "बाबा, हा नाही."

मी म्हटलं नीट बघ. "नीटच बघतेय. आयोवात जन्मला. अमेरिकन आहे. कॅनडात कधी राहिला पण नाही."

आई, मला काय झालं ते सांगता येत नाही. मी उठलो आणि कॉफी आणायला गेलो. माझा कप भरलेला होता. रांगेत उभा राहिलो, माझी पाळी आली तेव्हा काय हवंय ते आठवेना, तसाच परत आलो. तू माझं मनगट धरलंस ते, ती नर्स, रिक्षातलं ते वाक्य, सगळं एका चुकीवर उभं होतं असं वाटायला लागलं. तू असतीस तर तुला हे कळू दिलं नसतं. मी तिला म्हणणार होतो की फोन ठेव आता. पण ती वाचतच होती, आणि एकदम तिने टेबलावर हात मारला.

"बाबा! त्या पिक्चरमधला डॉक्टर कॅनेडियन आहे! स्टोरीतच आहे, तो टोरांटोहून आलेला असतो. तुम्हाला कळलंच नाही का?"

नव्हतं कळलं. तुलाही नाही, मलाही नाही.

"म्हणजे तो ते शिकला," ती म्हणाली. डोळे एवढे मोठे झाले होते. "एक वर्ड, बाबा. आजी रोज तिथल्या ऑपरेटरचा आवाज ऐकायची ना?"

"रोज नाही. फोन लावला की."

"तरी. तिचे कान केवढे शार्प! आणि त्याने तिला फसवलं. एका वर्डमध्ये. तिला वाटलं हा आपला माणूस." मग माझ्याकडे न बघता, पराठ्याचे तुकडे करत म्हणाली, "मला ते करायचंय. दुसरं काही नाही."

आम्ही ट्रे ठेवला, हात धुतले, आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत लिफ्टची वाट बघत उभे राहिलो. तिथे कोणाच्या तरी लग्नाचा मांडव घालत होते, खुर्च्यांचे ढीग लागले होते. लिफ्ट आली, गेली. मी म्हटलं, "तो शब्द म्हणून दाखव."

"कोणता? सॉरी?"

"तसा नाही. आजीचा."

तिने खांदे सैल केले, एकदा खाली बघितलं. मग ओठ गोल करून म्हटलं. आई, तीच बाई होती. भिंतीवरच्या फोनमधली. तू पोळी उलटताना म्हणाली होतीस, तीच. त्यानंतरचं वाक्य तिने म्हटलं नाही, पण ते मला ऐकू आलं.

मी म्हटलं, जा.

ती बघतच राहिली. "शुअर?"

"जा म्हटलं ना. फक्त फोन उचलत जा."

"उचलीन लाह, बाबा. क्लासमध्ये असेन तर मेसेज करीन." आणि लगेच, "सॉरी हं, मी तुला उगाच ऑल्वेज लाइक दॅट म्हटलं." मी तिला म्हणालो, सॉरी नको म्हणूस, जिन्याने चल, लिफ्टला वेळ लागतोय. ती पुढे धावत गेली.

आता आत ती परत त्याच वाक्यावर आली आहे, आणि बायको तिला स्वेटर घालून बघायला लावतेय, या उकाड्यात. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. तुझ्यापर्यंत लाइन लावून देणारी मैत्रीणही आता नाही. एवढंच तुला सांगायचं होतं, आणि ते त्या दोघींना सांगता येणार नाही, की लिफ्टपाशी मी तिला तो शब्द म्हणायला लावला तो आठवण म्हणून नव्हे. तिला तो जमू नये, म्हणजे मला नाही म्हणता येईल, असं मला वाटत होतं.