माइकच्या स्टँडवरची दुर्बीण

१५ ऑक्टोबर, बुधवार
कालच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणाने घसा बसला आहे. एक तास पन्नास मिनिटे. आयोजकांनी मध्येच दोन चिठ्ठ्या पाठवल्या. पहिली वाचून खिशात ठेवली. दुसरी न वाचता.

सकाळी नातीचा, अर्पिताचा, अमरावतीहून फोन. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, झूऑलॉजी. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नऊ नोव्हेंबरला आपल्या मेहकरजवळच्या पाझर तलावावर पक्षी मोजणार. दोन माणसे लागतात. एकाने बघायचे, एकाने लिहायचे. मी जागेवरच होकार दिला. ती म्हणाली, आजीला नेईन. मी विचारले, आजी कशाला, मी आहे ना! ती मग म्हणाली, "आबा, तुम्ही बोलता. तिथं बोलायचं नसतं."

पोरगी भिडस्त आहे. आजोबांकडे दुर्बीण नाही हे तोंडावर कसे सांगणार? म्हणून काहीतरी कारण पुढे केले. मी माणसे ओळखतो. पस्तीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला आहे.

संकल्प : दुर्बीण घेणे. उत्तमातली उत्तम. पंचवीस दिवस हातात आहेत.

वाईट वाटले नाही.

दुपारी ४
खरेच वाईट वाटले नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
अभ्यास जोरात. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला, वस्तू किती पट जवळ दिसते त्याचा. दुसरा, पुढच्या काचेच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. अर्पिताचा मेसेज आला : घ्यायचीच असेल तर आठ बाय बेचाळीस घ्या, हलकी असते, हातात हलत नाही.

आठ! ही पिढीच तडजोडीची. अन्यायाला आठ पट विरोध करा, असे मी आयुष्यात कोणत्या व्यासपीठावर म्हटले आहे? अर्धी सुधारणा म्हणजे लांबवलेली गुलामी. (वाक्य बरे जमले. डिसेंबरच्या भाषणात घेणे.)

बायकोला, महामायेला, हे समजावून सांगितले. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तलावावर काय हाय ते मले इथं बसूनच ठाऊक हाय. टिबुकल्या हायेत, बगळे हायेत, अन् हिवाळ्यात ते नारंगी चक्रवाक येतात. त्याले दुर्बीन काऊन पाह्यजे?" ठाऊक असणे आणि पाहणे यांतला फरक मी तिला सांगितला. मूलभूत फरक आहे. चाळीस मिनिटे लागली. शेवटी लक्षात आले की मेथी निवडून ती केव्हाच आत गेली होती.

श्रोत्याची उपस्थिती हा वक्तृत्वाचा गौण भाग आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार
कडूबांकडे गेलो. वनखात्यातून वनरक्षक म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याकडे जुनी दुर्बीण आहे, सात बाय पस्तीस. पट्ट्याच्या जागी नाडी. एक नळी टेपने बांधलेली. असली हत्यारे घेऊन या देशात निसर्गरक्षण चालते!

गच्चीवर जाऊन बघितले. स्पष्ट दिसले, पण लहान. कडूबांना म्हटले, यात व्यापक दृष्टी नाही. ते म्हणाले, "सर, पाखरू दिसते ना? मंग झालं." समाधानी वृत्ती हा समाजाचा शत्रू आहे, हे त्यांना पटवले. परत निघताना ते म्हणाले, "चाळीस मिन्टं झाली सर. दुर्बीन डोळ्याले दोनच मिन्टं होती."

बारीक निरीक्षण आहे माणसाचे. खात्याने चीज केले नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
ऐतिहासिक दिवस! सकाळच्या एस.टी.ने खामगाव. चष्म्याच्या दुकानात शेखरभाऊंनी तीन दुर्बिणी काउंटरवर मांडल्या. आठ बाय बेचाळीस, दहा बाय पन्नास आणि तिसरी खालच्या कपाटातून दोन्ही हातांनी उचलून आणली. वीस बाय ऐंशी! नळ्या नव्हेत, तोफा!

शेखरभाऊ म्हणाले, तळ्यावर फिरायला आठ पटीची पुरते. चष्मा असला तरी पूर्ण चित्र दिसते, हात दुखत नाही. ही मोठी दुर्बीण मात्र गिऱ्हाइके नुसती बघून ठेवून देतात, सर. मी बाहेर उभा राहून तिन्हींतून समोरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गेटावरची पाटी वाचली. आठमधून 'धूम्रपान मनाई आहे' दिसले. दहामधून तेच, जरा मोठे. वीसमधून फक्त 'धू'. पण काय तो धू! काय त्याचे काळेपण! मला राहवले नाही. जवळून बघितल्याशिवाय शोषण कळत नाही, या मुद्द्यावर तिथेच बोललो. अकरा माणसे जमली. एक हमाल टाळ्या वाजवून गेला.

शेखरभाऊ म्हणाले, मग स्टँडसुद्धा घ्या, एवढी जड दुर्बीण हातात हलते. मी म्हटले, ही मूठ चाळीस वर्षे हवेत उंचावलेली आहे, ती हलत नाही. 

वीस बाय ऐंशी घेतली.

परतताना गाडीत पेटी मांडीवर. कंडक्टरने विचारले, "काय हाय सर, हार्मोनियम?" त्याला जालन्याच्या फाट्यापर्यंत सविस्तर सांगितले. तो दोनदा घंटी मारायला विसरला. एक म्हातारी तिचे गाव मागे पडल्यावर उतरली.

२६ ऑक्टोबर, रविवार
गच्चीवरून पहिले निरीक्षण. बगळा. अत्यंत चपळ जात. एका सेकंदात तीन ठिकाणी दिसतो.

महामायेला दाखवला. तिने दुर्बीण न घेताच सांगितले, "तो पाण्याच्या टाकीचा पाइप हाय."

हात किंचित हलतो, हे मान्य. दोष हाताचा नाही. इतकी वर्षे भाषणात हात हलवायची सवय आहे, तो स्थिर राहणे अनैसर्गिक मानतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार
उपाय सापडला!! प्रसेनजित साउंड सर्व्हिसवाला प्रसेनजित. वीस वर्षे माझ्या सभांना माइक लावतो आहे. त्याच्या गोडाऊनमधून लोखंडी माइकस्टँड आणला, जाड बैठकीचा. वर सायकलच्या ट्यूबने दुर्बीण बांधली. हलत नाही! डोंगरासारखी उभी! प्रसेनजित म्हणाला, "सर, तुमच्या उंचीले सेट करायची गरजच नाही, हा तुमचाच स्टँड हाय. खाच पडली तुमच्या नावाची."

सायंकाळी ५ : विजेच्या तारेवर खंड्या. निळा! स्टँडपाशी गेलो, डोळा लावला, आणि काय झाले कळले नाही. घसा आपोआप खाकरला. डावा हात आपोआप कमरेवर गेला. उजवा वर. "अध्यक्ष महाशय आणि उपस्थित..."

खंड्या गेला.

५.२० : पुन्हा आला. पुन्हा "अध्यक्ष महाशय."

५.४० : नाही आला. 

स्टँडची तांत्रिक अडचण आहे. सरावाने दूर होईल.

१ नोव्हेंबर, शनिवार
मौनसाधना सुरू. बुद्धाने मौनाने अनेक प्रश्नांची उत्तरे दिली. मलाही जमेल, वाचन दांडगे आहे.

लक्ष्य : साठ मिनिटे. पहिला प्रयत्न : ४ मिनिटे. (कारण : पेपरातला अग्रलेख. त्याला उत्तर देणे भागच होते.) दुसरा : ६ मिनिटे. (कारण : मी सहा मिनिटे गप्प बसलो, हे महामायेला सांगायला गेलो.)

२ नोव्हेंबर, रविवार
तोंडात गुळाचा खडा ठेवला. १४ मिनिटे! गूळ संपला तसे मौन संपले. मोठा खडा आणावा.

शेजारच्या संजीवनीताई दारात येऊन महामायेला हळूच विचारत होत्या, "सर बरे आहेत ना? आवाज नाही आज." महामाया म्हणाली, "बरे हायेत. पाखरं पाह्यची तयारी करून राह्यले." दोघी बराच वेळ हसल्या. कशाला हसल्या, विचारणार होतो. तोंडात गूळ होता.

५ नोव्हेंबर, बुधवार
अर्पिता आली! दुपारच्या गाडीने. दप्तराएवढी बॅग, वही, टोपी. गच्चीवर नेऊन साधन दाखवले. तिने स्टँडभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "आबा, यातून लोक चंद्र बघतात."

भारावली होती. 

मग मी मौनसाधनेची आकडेवारी दाखवली. ४, ६, १४, काल १९. तिने तो कागद दोनदा वाचला. म्हणाली, "हे तुम्ही माझ्यासाठी केलं?" मी म्हटले, विज्ञानासाठी. ती म्हणाली, "मग चला तुम्ही. पण एकच अट. साडेसहा ते साडेसात. एक शब्दही नाही. तुम्ही बघायचं अन् बोटांनी आकडा दाखवायचा. मी लिहीन. आजी येईल, पण बांधावर बसेल."

मी! मोजणारा मी! 

शब्द दिला. दिलेला शब्द म्हणजे काय, या विषयावर वीस मिनिटे बोललो. ती पूर्ण वेळ समोर बसून होती. एकदाही मोबाइल बघितला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
सिद्धता. गूळ, सुपारीएवढे चार खडे. प्रसेनजितचा टेम्पो पहाटे साडेपाचला. स्टँडला तेल दिले. बोटांनी आकडे दाखवायचा सराव. दहाच्या पुढे अडचण येते. महामायेने सुचवले की मूठ म्हणजे दहा धरा. चाळीस वर्षांत त्या मुठीचा पहिला शांततामय उपयोग.

एक तास. फक्त एक. माझी भाषणे प्रास्ताविकातच तेवढी होतात.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.२५
तलाव. धुके. स्टँड उभा. खडा क्रमांक एक तोंडात. अर्पिताने अंगठा दाखवला. मीही.

सायंकाळी ६
घटनाक्रम नोंदवतो. वस्तुनिष्ठ.

६.३० : आरंभ. टिबुकल्या सात. सात बोटे. अर्पिताने लिहिले.
६.३६ : बगळे अकरा. एक मूठ, एक बोट. तिने लिहिले आणि माझ्याकडे बघून हसली.
६.४१ : गुराखी येऊन "काय हाय सर, कोनाची सभा हाय?" म्हणाला. उत्तर दिले नाही! स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नाही. महामायेने त्याला हाताने खूण करून बसवले.
६.४८ : गूळ संपला. दुसरा तोंडात टाकला नाही. गरजच वाटली नाही, इतका आत्मविश्वास.

६.५२ : धुके फाटले. पलीकडच्या काठावर चक्रवाक. थवा. दुर्बीण एकावर लागली आणि अख्खा चक्रवाक माझ्या डोळ्यात आला. वीस पट. नारंगी, जसे कुणी आतून दिवा लावला आहे. मान फिकी. डोळा काळा, ओला. त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितले. एकसष्ट वर्षांत मी पक्षी बघितलाच नव्हता, हे त्या क्षणी कळले. पक्ष्यांवर मी दोनदा बोललो आहे, एकदा तर मेहकरच्या मोठ्या सभेत. बघितला नव्हता.

हे कुणाला तरी सांगायलाच हवे होते. समोर माइकचा स्टँड होता.

"बंधूंनो आणि भगिनींनो!"

सगळे उडाले. चक्रवाक, बगळे. टिबुकल्या पाण्याखाली. पाणी एकदम रिकामे. पलीकडच्या बाभळीतून आणखी काही उडाले, ते आम्हाला दिसलेच नव्हते. गुराख्याच्या म्हशीही उठल्या.

बांधावरून महामाया म्हणाली, "आता बोला पोटभर. सभा उठून गेली."

अर्पिता रागावली नाही. रागावली असती तर उत्तर देता आले असते. ती वहीत काहीतरी लिहीत होती. डोकावलो. छापील फॉर्म आहे, खाली रकाना : 'उपद्रव'. त्यात तिने लिहिले होते : 'म्हशी ५. मानवी आवाज १.' मोजणी अर्धवट राहिली, उद्या पुन्हा करावी लागेल, असे आजीला सांगत होती.

एका अर्थी वैज्ञानिक नोंदीत माझा समावेश झाला.

२२ मिनिटे. माझा विक्रम आहे. तो कागदावर लिहून ठेवला. अर्पिताला दाखवला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
सहाच्या आधी फाटकाची कडी वाजली. अर्पिता आणि महामाया. हळू बोलत होत्या. खिडकीतून बघितले : अर्पिताच्या गळ्यात नाडीची दुर्बीण. कडूबांची. मला उठवले नव्हते. मी जागा होतो. हाक मारली नाही.

चहा केला. गच्चीवर गेलो. काल टेम्पोतून परत आणलेला स्टँड तिथेच होता, दुर्बीण बांधलेली. डोळा लावला नाही. खुर्चीवर बसून राहिलो.

साधारण सातला एक पक्षी आला आणि स्टँडवर, दुर्बिणीच्या वर, बसला. माझ्यापासून पाच फुटांवर. काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटी उभी, बुडाशी तांबूस. दुर्बिणीतून पाहण्याचा प्रश्नच नव्हता, तो तिच्यावरच बसला होता. त्याने शेपटी हलवली आणि बोलायला लागला. प्रास्ताविक नाही, अध्यक्ष महाशय नाही. दोन-तीन मिनिटे बोलला असेल. मुद्द्याचे असावे. थांबला आणि उडून गेला.

मी ऐकून घेतले.

साडेआठला दोघी परतल्या. मोजणी पूर्ण झाली, चक्रवाक त्रेसष्ट. अर्पिता खुशीत. मी पक्ष्याचे वर्णन केले. थोडक्यात केले, चार वाक्यांत. अर्पिता पाचव्याची वाट बघत राहिली. महामाया चप्पल काढता काढता म्हणाली, "ते चिरक हाय. गच्चीवर नेहमी येते ते. तुम्ही भाषणाले गावाले गेले का येते."

अर्पिताने लगेच वही उघडली. घराच्या परिसरातल्या नोंदी वेगळ्या पानावर आहेत. 'चिरक, १.' पुढे रकाना, निरीक्षकाचे नाव. तिथे तिने आजीचे नाव लिहिले.

मी काही बोललो नाही. दुपारचे बारा वाजले, अजून बोललो नाही. कुणी मोजत नाही आहे.