नकटा राजा

३ फेब्रुवारी

आज स्क्रीनवर नकटा राजा आला!

पुढच्या लिलावाचे फोटो बघत होते. वेबसाइटवर चढण्याआधी प्रत्येक जुनं नाणं माझ्या नजरेखालून जातं. खोटं, ओतलेलं, साल खोडून बदललेलं — असं काही दिसलं की बाजूला काढायचं, हेच माझं काम. हे चांदीचं, मोठं. राजाचं नाक झिजून सपाट. आणि कडेला, मुकुटाच्या वर, खोच.

बाबांचं नाणं. पण बाबांचं असूच शकत नाही! ते सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि दिवसभर अंगठ्याने राजाचं नाक घासत बसायचे. ‘आमचा नकटा’ म्हणायचे. खोच पडली ती हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, हातातून फरशीवर पडलं तेव्हा. मीच उचललं होतं. आणि ते गेले तेव्हा मीच त्यांच्या खिशात घातलं. विद्युतदाहिनीचं दार माझ्या डोळ्यांदेखत बंद झालं. दीड वर्ष झालं त्याला.

४ फेब्रुवारी

नाक झिजलेली नाणी काय, ढिगाने असतील. उगाच डोक्यात घेऊन बसलेय.

५ फेब्रुवारी

पण खोचही? तीच? तिथेच?

९ फेब्रुवारी

आणखी एक आलं. विकणारा तोच. खोच तीच.

दोन वेगळ्या नाण्यांना एकाच जागी एकच जखम होत नसते. म्हणजे एकावरून साचा काढून ही दोन्ही ओतलेली. विकणाऱ्याकडून मागवून घेतली आणि भिंगाखाली धरली, तर बारीक बुडबुड्यांचे खड्डे. यंत्राने धातू सांगितला — चांदीत पॅलॅडियम. आमचे साहेब खूश! “घारीचे डोळे आहेत हो तुमचे! आणि हा तर दात बनवणाऱ्यांचा धातू.” मी हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

दादा दातांच्या कॅप ओततो. आयुष्यभर तेच करतोय.

१० फेब्रुवारी

खोच हॉस्पिटलात पडली, म्हणजे साचा त्यानंतरचा. त्यानंतर नाणं बाबांच्या उशाशी होतं, आणि मग खिशात. खिशात मी घातलं आणि गाडीची व्यवस्था बघायला खाली गेले. बाबांपाशी तेव्हा दादा होता. आई होती, पण ती बिचारी भानावर कुठे होती! दादाच. सख्ख्या बापाच्या, गेलेल्या बापाच्या खिशात हात घातला त्याने.

१३ फेब्रुवारी

दोन्ही शेजारी ठेवून बघितली. बघायला नको होती.

दुसऱ्याचं नाक पहिल्याहून जास्त सपाट आहे. ओतताना बारीक रेघा जातात, पण हे ते नव्हे. हे घासलेलं आहे — तिरकं, डावीकडून वर, बाबांचा अंगठा जायचा तसं. म्हणजे साच्याचं मूळ नाणं कुणीतरी अजून घासतंय! दुपारी ऑफिसात माझ्या पाठीमागे चांदीवर नख फिरल्यासारखा आवाज झाला. गर्रकन वळले. कुणी नाही. नाणी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

बाबा, सोडा ना आता मला!

१८ फेब्रुवारी

दादाला फोन केला. सरळच विचारलं, “बाबांच्या खिशातून नकटा काढलास?”

म्हणतो, “आधी घरी ये. आईला बघ. मग हवं ते बोल.”

“आईला कशाला मध्ये घेतोस? काढलास की नाही?”

“मी नाही काढला. तू ये गं एकदा.”

साळसूद! फोन आपटला. बाबा गेल्यापासून त्या घरात मी पाऊल टाकलेलं नाही. त्यांची रिकामी खुर्ची मला बघवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आईशी फोनवर बोलतेच की. एका फोनमध्ये तीनदा ‘जेवलीस का’ विचारते. वय झालंय, विसरते थोडं.

२१ फेब्रुवारी

तिसरं आलं. नाक जवळजवळ नाहीच. विकणाऱ्याचा पत्ता आज नीट बघितला, दादाच्या मागच्याच गल्लीतला! साहेब म्हणाले, आता पोलिसांत देऊ या, कुणावर संशय असेल तर सांगा. एक नाव सांगितलं की दादाचं काम जाईल, तो आत जाईल, आणि आई एकटी पडेल. नाही सांगितलं तर बाबांच्या अंगावरचं चोरलेलं मी पचवलं असं होईल.

२२ फेब्रुवारी

नाव दिलं.

२३ फेब्रुवारी

वाटलं होतं आता तरी बाबा मला झोपू देतील. छे!

२७ फेब्रुवारी

दादाला पोलिसांनी बोलावून नेलं. त्याच्या मागच्या खोलीला, ओतकामाच्या सामानासकट, सील लावलं. जाताना त्याचा फोन — चिडलेला नाही, काही नाही. “आईपाशी जाऊन बस. गाद्यांच्या कपाटात डबीत एक आहे. तिने मागितलं तर लगेच दे, वाट बघायला लावू नकोस.”

गेले. आई बाबांच्या खुर्चीत झोपली होती, मूठ छातीशी घट्ट धरून. केवढीशी झाली आहे! डबी उघडली तर आत कोराकरकरीत नकटा. तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी उघडी पडली तरी वर तोंड करून मलाच त्यात गोवतोय! चौकीवर जाऊन माझ्या हाताने ते पोलिसांना दिलं. दादा बाकावर बसला होता. नाणं बघून फक्त एवढंच म्हणाला, “अगं, ते तरी ठेवायचंस.”

२८ फेब्रुवारी

आईपाशीच आहे. दुपारी पार्सलवाला आला. पार्सल देऊन वळला, तेवढ्यात आई लगबगीने दारात आली आणि मुठीतलं नाणं, बाबांसारखंच अंगठ्याने एकदा घासून, त्याच्या हातात कोंबलं. “आमचे हे भेटले तर द्या हो. घाईत विसरून गेलेत.” तो सवयीचं असल्यासारखं “हो आजी” म्हणाला, खिशात टाकलं आणि जिना उतरला. मला हाकही मारता आली नाही.

“आई, नकटा तुझ्याकडे कसा?”

“तू खिशात घातलास ना त्यांच्या, तेव्हाच मी काढून घेतला. हरवतात गं ते. आणि बघ, न घेताच गेले!”

थोड्या वेळाने तिने मूठ उघडून बघितली. तेव्हापासून शोधते आहे. उशीखाली, खुर्चीखाली, माझ्या पर्समध्ये. रडते आणि म्हणते, “दादाला हाक मार गं, त्याला नेहमी सापडतो.”

डबीतला मी काल देऊन आले.